घरातल्या कुंड्यांच्या पाण्यासाठी टीडीएस पेन, पीएच पेन आणि माशांच्या दुकानातले थेंब, दीड वर्ष वापरून

आधीच सांगून टाकते, घरात कुंड्यांमध्ये भाजी लावत असाल, रासायनिक खत घालत नसाल आणि पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ह्या तीन वस्तूंपैकी तिसरी पहिल्यांदा घ्या, म्हणजे केएच-जीएचचे थेंब (केएच म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट, जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, ते मोजायचे). मी बरोबर उलट्या क्रमाने घेतल्या आणि त्यात पुदिना गेला, कढीपत्ता जाता जाता वाचला. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो, चौथा मजला. २०२१ ला गाव महापालिकेत गेलं पण आमच्या सोसायटीत पाणी अजून बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून एक लोखंडी रॅक आहे, त्याला दोन एलईडी ट्यूब लावल्यात, त्यावर चौदा कुंड्या. मेथी, पालक, पुदिना, गवती चहा, मिरचीची दोन रोपं, तुळस, आणि मोठ्या कुंडीत कढीपत्ता जो सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या झाडाखालचं पिल्लू आणून लावलाय त्यामुळे त्याची काळजी जरा जास्तच. माती म्हणजे लाल माती, धुतलेलं कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी नीमपेंड. बाकी काही नाही.

झालं असं की पहिले सात-आठ महिने सगळं मस्त चाललं आणि मग कढीपत्त्याची नवीन पानं पिवळी यायला लागली. जुनी हिरवी, नवीन पिवळी, आणि पिवळ्या पानात शिरा मात्र हिरव्यागार. नर्सरीवाल्या काकांना फोटो दाखवला तर म्हणाले लोह कमी पडलंय, हिराकस द्या. दिलं. पंधरा दिवस हिरवं झालं आणि परत तेच. सासूबाई म्हणाल्या आंबट ताक घाल, आमच्याकडे कढीपत्त्याला ताकच घालतात. तेही घातलं, त्याने खरंच फरक पडला, पण बंद घरात ताकाचा वास येतो आणि मातीवर चिलटं होतात त्यामुळे ते रोजचं औषध होऊ शकत नाही. (ताकाने फरक का पडला हे मला नंतर कळलं, ते पुढे येईल.) कुंड्यांच्या कडेला पांढरा थर जमायला लागला होता, प्रेशर कुकरमध्ये जमतो तसाच. तेव्हा डोक्यात आलं की खत नाही, पाणी बघायला पाहिजे.

आधी टीडीएस पेन घेतलं, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगणारं, ऑनलाइन, सव्वादोनशे रुपयाला. छोटं, बटणाच्या सेलवर चालणारं, पाण्यात बुडवलं की आकडा येतो. बोअरचं पाणी ७८०, आरओचं ४५, आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते ११५०, टँकर आला की कधी ४५० कधी ९००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं आहे, पण ते माणसासाठी आहे, कुंडीसाठी नाही. माणूस पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकतो, कुंडीतून पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात. अंगणातल्या झाडाला चार महिने पाऊस लागतो, मुळाशी साठलेलं दरवर्षी धुऊन जातं, घरातल्या कुंडीला पाऊस लागतच नाही, आणि आपण पण फरशी खराब होते म्हणून बेताचं पाणी घालतो, खालून थेंब गळू देत नाही. मी तर तेच करत होते. ताटलीत थोडं पाणी उतरवून मोजलं तर पेनने २४०० दाखवले! मग कुंड्या बाथरूममध्ये नेल्या आणि पावसाचं साठवलेलं पाणी हळूहळू कुंडीच्या दुप्पट-तिप्पट ओतलं, शेवटी उतरलेलं पाणी ७०० वर आलं. ह्या कामाला हे पेन खरंच उपयोगी आहे, दर दोन महिन्यांनी ताटलीतलं पाणी बघते आणि हजारच्या वर गेलं की धुते.

कोकोपीटलाही ते वापराच. बाजारातली वीट भिजवल्यावर पहिलं पाणी काढून मोजलं तर ११००, आणि ते मी आरओच्या पाण्यात भिजवलं होतं म्हणजे सगळे क्षार विटेतलेच. चार वेळा धुतल्यावर ३०० च्या आसपास आलं. पहिल्या वर्षी मी न धुताच वापरलं होतं आणि मेथी का जळते ते कळत नव्हतं.

पण ह्या पेनची एक गोष्ट समजून घ्या नाहीतर चुकाल. ते क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दाखवतं. काही पेनं ०.५ ने गुणतात काही ०.७ ने, त्यामुळे मैत्रिणीचं पेन आणि तुमचं पेन एकाच पाण्याला वेगळे आकडे दाखवतील आणि दोन्ही खराब नसतील. घरी करून बघा, आरओच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा हलणार नाही. मग चिमूटभर मीठ टाका, हजारच्या पुढे उडी मारेल. ह्याचा सेंद्रियवाल्यांसाठी अर्थ मोठा आहे कारण आपलं गांडूळपाणी, जीवामृत, ताक, गुळाचं पाणी ह्यातला बराचसा माल असा असतो की तो विजेला दिसतच नाही, जंतू त्याला खाऊन मोकळा करतात तेव्हा झाडाला मिळतो. हायड्रोपोनिक्सवाले (मातीशिवाय नुसत्या पाण्यात वाढवणारे) बाटलीतलं खत घालून टीडीएस मोजतात ते त्यांचं बरोबर आहे. आपण गांडूळपाण्यात पेन बुडवून खत किती स्ट्राँग आहे ते ठरवू नका. मी तसं ठरवून मिरचीला दुप्पट घातलं होतं.

तर टीडीएस पेन, पाचपैकी साडेतीन. पैसे वसूल, पण फक्त अर्धी गोष्ट सांगतं.

मग पीएच पेन, म्हणजे पाणी आंबट की अल्कलाइन (आंबटाच्या उलट) ते सांगणारं, ते पिवळ्या रंगाचं जे सगळीकडे मिळतं, साडेतीनशेला आलं, सोबत पावडरच्या पुड्या, ६.८६ ची आणि ४ ची. पुडी २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, पेन त्यात बुडवून मागच्या स्क्रूने किंवा बटणाने आकडा जुळवायचा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. पहिले तीन महिने छान चाललं, नंतर आकडा तरंगायला लागला, एकदा ७.१ एकदा ७.९. माझीच चूक म्हणजे मी ते धुऊन पुसून कोरडं ठेवत होते. ह्याच्या टोकाला जो काचेचा फुगा असतो तो कोरडा पडला की संपला, टोपणात पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणाचे थेंब ठेवायला लागतात आणि आरओच्या पाण्यात तर बुडवून अजिबात ठेवायचं नाही. नीट सांभाळलं तरी साधारण वर्ष-दोन वर्षांचीच वस्तू आहे. माझं दुसरं चालू आहे.

आणि मुख्य म्हणजे त्याने मला भलतीकडे नेलं. बोअरचं पाणी नळातून काढल्या काढल्या ७.६, म्हणजे ठीकच वाटतं ना, तेच पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवलं की सकाळी ८.२. मला वाटलं पेन बिघडलं. पेन बरोबर होतं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच वर जातो. आणि क्लोरीन उडावा म्हणून आपण सगळेच पाणी चोवीस तास उघडं ठेवतो (टाकी धुतल्यावर वॉचमन टीसीएल पावडर टाकतो तेव्हा ते ठेवायलाच पाहिजे, मातीतल्या जंतूंसाठी). आरओच्या पाण्यात तर पीएच पेन स्थिरच होत नाही, पाण्यात क्षार नसले की त्याला पकडायला काही मिळत नाही. म्हणजे पीएच हा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलणारा आहे, त्याच्यावरून पाणी चांगलं की वाईट ते ठरत नाही. अडीच स्टार.

आता खरी गोष्ट. गेल्या दिवाळीच्या आधी सोसायटीत सॉफ्टनर प्लांट, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र बसलं. सगळे खूश, केस गळायचे कमी झाले, गिझर साफ, नळांवरचे पांढरे डाग गेले, डाळ पटकन शिजायला लागली. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्या आज्यांना माहीतच होतं, साबणाला फेस नाही आणि डाळ बोटचेपी होत नाही म्हणजे पाणी जड. प्लांट बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने मीटिंगमध्ये सांगितलं की आता पाणी झाडांनापण एकदम उत्तम. मी विश्वास ठेवला आणि तोपर्यंत आरओचं पाणी मिसळत होते ते बंद केलं, सरळ नळाचं घालायला लागले.

दीड महिन्यात पुदिन्याच्या पानांच्या कडा जळाल्या. कुंडीतली माती वर पापुद्र्यासारखी घट्ट झाली, पाणी घातलं की वरच तुंबून राहायचं. कढीपत्ता परत पिवळा. टीडीएस पेन म्हणतंय ७५०, आधी ७८० होतं, म्हणजे काही फरकच नाही. पीएच तसाच. दोन्ही यंत्रं सांगतायत पाणी तेच आहे आणि झाडं सांगतायत पाणी बदललंय. मी झाडांवर विश्वास ठेवला.

शहरात एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात भाच्यासाठी गप्पी मासे घ्यायला गेले होते तिथे दुकानदार दादांना सहज बोलले, ते म्हणाले ताई माशांना पण हाच त्रास असतो, टीडीएस सोडा, केएच आणि जीएच बघा. दोन छोट्या बाटल्या आणि एक काचेची नळी, साडेचारशे रुपये. इतकी साधी वस्तू आहे. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, केएचच्या बाटलीतून एकेक थेंब टाकत हलवत जायचं, पाणी आधी निळं होतं आणि एका थेंबाला अचानक पिवळं होतं, जितके थेंब लागले तितका केएच. एक थेंब म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, चुनखडीच्या हिशोबाने. जीएचचं तसंच, माझ्या किटमध्ये नारिंगीचं हिरवं होतं. सेल नाही, कॅलिब्रेशन नाही, पुड्या नाहीत.

घरी येऊन ओट्यावर बसले. सॉफ्टनरच्या आधीचा एक नळ पंपरूमपाशी आहे तिथलं पाणी बाटलीत आणलं. त्याचा जीएच २४, केएच १९. घरातल्या नळाचा जीएच १. केएच? १९. म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम गेलं, केएच जागच्या जागी. कारण सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियम मॅग्नेशियम पकडून त्याच्या बदली सोडियम सोडतो, म्हणून तर त्यात मिठाच्या गोण्या घालाव्या लागतात. माझ्या कुंड्यांमध्ये जे जात होतं ते म्हणजे चक्क खायच्या सोड्याचं पातळ पाणी. सोडियमने माती बांधली जाते, म्हणून तो पापुद्रा, म्हणून पाणी खाली जात नव्हतं. दहा मिनिटांत दोन रंगांनी जे सांगितलं ते पेनांनी सहा महिन्यांत सांगितलं नाही. सॉफ्टनरवर माझा राग नाही, केसांना आणि गिझरला तो चांगलाच आहे, पण झाडांना उत्तम असं सांगणं चुकीचं होतं आणि ज्यांच्या सोसायटीत आत्ता बसतोय त्यांनी हे लक्षात ठेवा: केएच मोठा आणि जीएच अगदी छोटा दिसला की ते पाणी कुंडीला नाही.

आणि कढीपत्त्याचं कोडं पण तिथेच सुटलं. केएच म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट, जे आंबटपणा मारून टाकतात. १९ म्हणजे लिटरला साधारण ३३८ मिलिग्रॅम. कढीपत्त्याला रोज अर्धा लिटर पाणी, म्हणजे रोज १६९ मिलिग्रॅम, महिन्याला जवळपास ५ ग्रॅम, वर्षाला ६० ग्रॅम चुनखडी मी त्या एका कुंडीत घालत होते! अर्ध्या वाटीला थोडी कमी असेल. माती दर महिन्याला जास्त अल्कलाइन होत गेली आणि तशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. म्हणून हिराकस पंधरा दिवस चाललं आणि मग तेही अडकलं. आणि आंबट ताक का चाललं? त्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड ह्याच बायकार्बोनेटला मारत होतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या मग मी काय वेगळं सांगत होते. अगदी खरं आहे, पिढ्यान्पिढ्या जड पाण्याच्या गावात राहून शोधलेला उपाय आहे तो.

माझं माहेर रत्नागिरीकडे. मे महिन्यात थेंब सोबत घेऊन गेले. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, टीडीएस ६०, केएच २. आईचा कढीपत्ता छपरापर्यंत गेलाय आणि तिने आयुष्यात त्याला काही घातलेलं नाही. इकडे आपल्याकडे काळा कातळ, बेसाल्ट, त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊनच येतं. माहेरहून रोप आणून पुण्यात लावतो आणि हवा मानवली नाही म्हणतो, बऱ्याचदा पाणी मानवलेलं नसतं.

लिंबूसत्व टाकून बघितलं का असं विचाराल म्हणून, हो, बघितलं. पाच लिटरला साधारण पाव चमचा, चिमूट चिमूट टाकत साडेसहा पीएचपर्यंत आणायचं, आणि इथे पीएच पेन लागतंच कारण लिंबूसत्व टाकलेल्या पाण्यात केएचचे थेंब बरोबर सांगत नाहीत. तात्पुरतं चांगलं काम होतं. पण मातीतले जंतू ते लिंबूसत्व खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत तयार होतं. ताकाचंही तेच, म्हणून तर परत परत घालावं लागतं. मातीत दर महिन्याला चुनखडी जमू द्यायची नसेल तर पाण्यातलाच केएच कमी करायला लागतो, दुसरा मार्ग मला सापडला नाही.

आता मी काय करते. घरातल्या नळाचं पाणी कुंड्यांना बंद. पंपरूमपाशी जो सॉफ्टनरच्या आधीचा नळ आहे तिथून आठवड्याला एक कॅन आणते, आणि एक भाग ते, तीन भाग आरओ. थेंबांनी मोजलं तर केएच ५ ते ६ येतो, टीडीएस २३० च्या आसपास, आणि थोडं कॅल्शियम मॅग्नेशियमही मिळतं जे नुसत्या आरओत नसतं. दिवसाला सगळ्या कुंड्यांना चार लिटर लागतं म्हणजे तीन लिटर आरओ, आणि आमच्या मशीनला तीन लिटरमागे नऊ लिटर वाया जातं. ह्याचं मला वाईट वाटतं, ते सगळं फरशी पुसायला आणि फ्लशला वापरते. ते वाया जाणारं पाणी झाडांना घाला असा सल्ला खूप फिरतो, कृपया घरातल्या कुंडीला घालू नका, ११५० टीडीएस आहे, त्यात केएच मोजायला मला थेंब पुरेनात. तांदळाचं धुवण छान आहे पण ते जर त्याच नळाच्या पाण्याचं असेल तर सोडियम आणि केएच त्याच्यासोबत आलेच.

जून ते सप्टेंबर सगळ्यात सुखाचे. ड्राय बाल्कनीच्या पन्हाळीखाली पिंप लावते, पहिला पाऊस धूळ घेऊन येतो तो सोडून देते, नंतरचं भरून घेते. टीडीएस १८, केएच पहिल्याच थेंबाला पिवळं. वरून घट्ट फडकं बांधा, डासांचं घर होऊ देऊ नका. ह्या वर्षी पन्नास लिटरचे चार कॅन जास्तीचे भरून ठेवलेत, कुंड्या धुवायला वर्षभर पुरतील.

थेंबांबद्दल तक्रारी आहेत त्या पण सांगते. एक, सोबतचा कागद फक्त इंग्रजीत आणि पूर्ण माशांच्या भाषेत, झाडांचा कुठे उल्लेख नाही. दोन, बाटली तिरकी धरली की थेंब लहान-मोठा पडतो, सरळ उभी धरायची. तीन, ट्यूबलाइटखाली निळ्या-पिवळ्याच्या मधला हिरवट रंग कळत नाही, मागे पांढरा कागद धरा. चार, गांडूळपाणी किंवा जीवामृत असं रंगीत असेल तर काही दिसत नाही, हे फक्त साध्या पाण्यासाठी. जड पाणी असेल तर बाटली लवकर संपते, एका वेळी वीस थेंब जातात, मी २.५ मिली पाणी घेऊन थेंब दुप्पट धरते. एक्सपायरी बघून घ्या, मला पहिली बाटली चार महिनेच उरलेली दिली होती. आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. एवढं असून पाचपैकी पावणेपाच.

टँकर आला की आता मी खाली जाते आणि बाटलीभर आणून मोजते, शेजारच्या दोघी पण आपापल्या बाटल्या घेऊन येतात. कढीपत्त्याला आठ आठवड्यांनी नवीन फुटवा आला, सगळाच्या सगळा हिरवा. पुदिना परत लावलाय, काड्यांना मुळं फुटलीत.

आता फक्त जीएचची बाटली संपत आलीय, दुकानदार दादा गुरुवारी ठेवतो म्हणालेत.